आधीच इतकी सॉफ्टवेअरं असताना आणखी एक कशाला?

अर्धा_र (सोमवार, रात्री ११.४०)

मंडळी, स्पष्ट मतं हवी आहेत. गोड बोलू नका.

गेली दोन वर्षं ऑफिसातून आल्यावर रात्री साडेनऊ ते साडेअकरा मी मराठी लिहिण्यासाठी एक सॉफ्टवेअर करतोय. त्यात तीन गोष्टी आहेत: टंकायची सोय, शुद्धलेखन तपासणी, आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणणं. तिन्ही एकाच खिडकीत. फुकट देणार आहे, विकायचा विचार नाही.

परवा जुन्या मित्रांच्या बैठकीत कौतुकाने दाखवलं. एकाने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "अरे, मराठी कळफलक विंडोजमध्येच येतो. फोनवर तर नुसतं बोललं की उमटतं. लिब्रेऑफिसला मराठी शब्दतपासणी जोडता येते. कन्व्हर्टर शोधलेस तर पाच-दहा सापडतील. तू नवीन काय केलंस?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी पोचेपर्यंत सुचलं नाही, अजूनही नाही.

बायकोचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, दोन वर्षांत स्वयंपाकघरातला गळका नळ तरी झाला असता.

तर सांगा. चार बरी सॉफ्टवेअरं असताना पाचवं करण्यात अर्थ असतो का? की हा नुसता हौसेचा मामला?


चिंचपोकळीकर (सोमवार, रात्री ११.४६)

गोड बोलू नका म्हणालात म्हणून सांगतो. नळ दुरुस्त करा.


काळीपाचवी (मंगळवार, सकाळी ७.१०)

आमच्या नाक्यावर वडापावच्या चार गाड्या होत्या. पाचवी लागली तेव्हा सगळे हसले. आता रांग पाचवीलाच असते, कारण तो मिरची तळून, वर मीठ भुरभुरून देतो. एवढाच फरक. करत राहा.


हेमांगी (मंगळवार, सकाळी ९.३२)

वडापाव इथे लागू पडत नाही हो. नाही आवडला तर वीस रुपये गेले, उद्या दुसरी गाडी. सॉफ्टवेअर बदलायचं म्हणजे बोटांची सवय बदलायची, जुन्या फायली उघडतील का बघायचं, आणि शेजारच्या टेबलावरच्यालाही तेच घ्यायला लावायचं.

सतरा वर्षं या धंद्यात आहे, म्हणून थोडं कडू लिहिते. नवीन लिहायला सगळ्यांना आवडतं, कारण कोऱ्या फायलीत कुणाची घाण नसते. दुसऱ्याचा कोड वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या घरचा माळा आवरणं. म्हणून आपण "ते नीट नाही" असं म्हणतो आणि स्वतःचं सुरू करतो. मी दोनदा केलंय. दोन्ही आज कुठे आहेत ते मलाच माहीत नाही.

नेटस्केपचं उदाहरण जुनं आहे, पण चांगलं आहे. असलेला ब्राउझर बाजूला ठेवून सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं. पाचवी आवृत्ती आलीच नाही, थेट सहावी आली ती २००० साली. तोवर एक्सप्लोररने मैदान मारलं होतं.

अर्धा_र, तुम्हाला एकच विचारते. मराठीची खुली शब्दयादी आधीच आहे. तुम्ही जमवलेले शब्द तिच्यातच का नाही घातले?


न्यूजर्सीचा_बंड्या (मंगळवार, सकाळी ९.५५)

हेमांगी, नेटस्केपची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्याच नव्याने लिहिलेल्या कोडातून २००४ मध्ये फायरफॉक्स आला आणि एक्सप्लोररला घाम फुटला. नेटस्केप बुडाली, कोड तरला.

अजून हवीत? १९९१ मध्ये मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, तरी लिनक्स झालं. १९९८ मध्ये अल्टाव्हिस्टा आणि याहू होते, तरी गूगल झालं. गिटची (कोडातले बदल सांभाळायचं सॉफ्टवेअर) गोष्ट तर फारच छान आहे. लिनक्सची मंडळी त्या कामाला आधी बिटकीपर वापरत होती, त्यांना ते फुकट मिळायचं. २००५ मध्ये ती सवलत गेली. सीव्हीएस होतं, सबव्हर्जन होतं, पण हजारो लोकांचे बदल झपाट्याने एकत्र करायला दोन्ही अपुरी. लिनक्सवाल्या टोरव्हाल्ड्सने एप्रिलमध्ये स्वतःच गिट लिहायला घेतलं आणि जूनमधली कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आवृत्ती त्यावरच निघाली. तेव्हा कुणी "आहे की सबव्हर्जन" म्हणालं असतं तर?


चिंचपोकळीकर (मंगळवार, सकाळी १०.०१)

प्रत्येक गल्लीत एक टोरव्हाल्ड्स असतो. नळ गळत असतो.


काळीपाचवी (मंगळवार, सकाळी १०.२०)

बंड्या, ही तरलेल्यांची यादी झाली. बुडालेल्यांची कुठे आहे? ट्विटर असताना 'कू' आलं, मराठीसकट आपल्या भाषांमधून लिहिता यायचं, मंत्रीसंत्री गेले तिकडे. २०२४ मध्ये बंद. आणि हे निदान पेपरात आलेलं. न आलेली किती असतील.

(होय, मीच वर करत राहा म्हणालो. माणसाला दोन मतं असू शकतात.)


साताऱ्याचा_बापू (मंगळवार, दुपारी १.१५)

मी खतं-बियाणांचा दुकानदार. कोडबीड मला काय कळत नाही. पण यातला मार खाल्लाय, म्हणून लिहितो.

२००९ साली टॅली सगळीकडं होतंच. आमच्या गावातला एक पोरगा नुकता कॉलेजातनं आलेला. म्हणाला, काका, तुमच्यापुरतं वेगळं करून देतो. आणि दिलं की राव! उधारीची यादी गाववार निघायची. प्रत्येक नावापुढं "ऊसबिलाला", "सोयाबीनला", "दसऱ्याला" असा वसुलीचा शेरा टाकता यायचा. आमचा धंदाच तसा चालतो, महिन्याच्या तारखेवर न्हाई. आठ वर्षं राजासारखा चाललो.

मग पोरगा पुण्याला गेला, तिथनं कॅनडाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. बिलावर कोड नंबर पाहिजे, केंद्राचा कर निराळा, राज्याचा निराळा. पोराला फोन लावला तर तिकडं रात्रीचे तीन. बिचाऱ्यानं दोन रविवार घालवले, पण मूळ कोडच त्याच्याकडं नव्हता. लॅपटॉप बदलताना गेला म्हणाला. ऐन पेरणीत अख्खा महिना मी बिलं हातानं लिहिली.

आता टॅली आहे. गाववार यादी वहीत ठेवतो. सॉफ्टवेअर विकायला कुणी आलं की ते काय काय करतं ते मी विचारतच नाही. एकच विचारतो: पासपोर्ट काढलाय का?


हेमांगी (मंगळवार, दुपारी १.२२)

बापू, _/\_ हे आमच्या ऑफिसात भिंतीवर लावते.


मधुरा_ठाणे (मंगळवार, दुपारी २.४०)

सगळे करणाऱ्याच्या बाजूने बोलताय. वापरणाऱ्याचं कुणी बोलत नाही (बापू सोडून).

माझी आई सरकारी कार्यालयात टंकलेखिका होती. गोदरेजचं यंत्र, रेमिंग्टनचा कळफलक, मिनिटाला चाळीस शब्द. संगणक आला तेव्हा तिला सांगितलं, आता इनस्क्रिप्ट शिका, शास्त्रशुद्ध आहे, स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, भारतातल्या सगळ्या लिप्यांना एकच मांडणी. सगळं खरं. पण तिची बोटं वीस वर्षं रेमिंग्टनवर फिरलेली. डोक्याला समजावता येतं, बोटांना कसं समजावणार? दोन महिने तिचा वेग मिनिटाला सात शब्दांवर होता. सातच शब्द. घरी येऊन गप्प बसायची.

मग कुणीतरी एक छोटासा प्रोग्रॅम आणून दिला. कळा रेमिंग्टनच्या, अक्षरं युनिकोडची. कुणी केला होता कोण जाणे. त्यावर नावसुद्धा नव्हतं. तेव्हाही "विंडोजमध्ये मराठी आहेच की" म्हणणारे होतेच. होतंच. तिच्यासाठी नव्हतं.


डब्यातली_चकली (मंगळवार, दुपारी ३.०५)

मधुराताई, वाचून आजी आठवली.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने २०१३ मध्ये 'स्वरचक्र' नावाचा फोनचा कळफलक काढला. तेव्हाही फोनवर मराठी लिहायच्या सोयी होत्याच. यात 'क' दाबून धरला की भोवती चक्र उघडायचं: का, कि, की, कु, कू. बोट सरकवायचं, झालं. आजी चौथी शिकलेली, तिला रोमन अक्षरांतून मराठी लिहिणं शक्यच नव्हतं. पण बाराखडी पाठ! ती मोठ्याने "क काना का" म्हणत टाइप करायची, अख्ख्या घराला कळायचं कुणाला काय लिहितेय ते. मावशीची उणीदुणीसुद्धा.

नंतर फोन बदलला. भावाने नव्या फोनबरोबर आलेला कीबोर्ड तसाच ठेवला. आजीने लिहिणं सोडलं. आता व्हॉइस मेसेज पाठवते. ऐकायला गोड आहेत, पण तिचं लिहिलेलं आता काहीच येत नाही.


पंतोजी (मंगळवार, सायंकाळी ५.३०)

धागाकर्त्यास दोन प्रश्न. शुद्धलेखन तपासणीत आपण १९६२चे चौदा आणि १९७२चे चार असे मराठी साहित्य महामंडळाचे अठराही नियम घेतले आहेत काय? की नुसती शब्दांची यादी आहे?

विचारण्याचे कारण असे. 'मूल' या शब्दाचे 'मुलाला' होते, 'सून'चे 'सुनेला' होते, उपान्त्य ऊकार ऱ्हस्व होतो. पण 'दूत'चे 'दूताला'च राहते, कारण तो तत्सम शब्द आहे. म्हणजे शब्द कोणत्या घरातून आला हे यंत्राला ठाऊक असल्याखेरीज नियम लावता येत नाही. मी तीन ठिकाणची तपासणी वापरून पाहिली. एकाने 'गुरुदक्षिणा' चूक ठरवली, दुसऱ्याने 'गुरूदक्षिणा' बरोबर मानली, तिसऱ्याने दोन्हींखाली लाल रेघ ओढली.

ता. क. 'सॉफ्टवेअरं' हे अनेकवचन कानाला खटकते.


काळीपाचवी (मंगळवार, सायंकाळी ५.४१)

मग काय, 'सॉफ्टवेअरे'? 'सॉफ्टवेअर्स'? पंतोजी, 'आज्ञावल्या' म्हणू नका बरं का.


पंतोजी (मंगळवार, सायंकाळी ५.५०)

'आज्ञावल्या' म्हणण्यात गैर ते काय?


चिंचपोकळीकर (मंगळवार, सायंकाळी ५.५२)

आमच्या सौ. माझ्यावर रोज चालवतात त्या आज्ञावल्या.

(पुढचे नऊ प्रतिसाद 'संगणकप्रणाली की आज्ञावली' या धाग्यावर हलवले आहेत. या धाग्याचं काश्मीर करू नये, म्हणजे विषय सोडून भांडत बसू नये, ही विनंती. – संपादक)


न्यूजर्सीचा_बंड्या (मंगळवार, रात्री ८.१५)

पंतोजींच्या मुद्द्यावर एक रोचक माहिती. आज लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम या सगळ्यांत शब्दतपासणीला 'हनस्पेल' असतं. त्यातला 'हन' म्हणजे हंगेरियन. ओपनऑफिसमध्ये आधी मायस्पेल होतं, इंग्रजीला पुरायचं. हंगेरियनमध्ये एका शब्दाला शेपटावर शेपूट लागतं, तिथे ते अडखळायचं. मग एका हंगेरियन माणसाने हनस्पेल केलं.

आपलंही तेच. "घरासमोरच्यांनासुद्धा" हा एक शब्द आहे. किती फॉर्म यादीत घालणार?


हेमांगी (मंगळवार, रात्री ८.३०)

धन्यवाद बंड्या, माझाच मुद्दा मांडलात :) त्याने शून्यापासून नाही लिहिलं. मायस्पेलचाच कोड घेऊन वाढवला, म्हणून मायस्पेलसाठी केलेल्या जुन्या शब्दयाद्या त्यावर चालत राहिल्या. मी म्हणते ते हेच.

माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही, अर्धा_र.


छापखानेवाला (मंगळवार, रात्री १०.२०)

उशिरा आलो, आज लग्नपत्रिकांची गर्दी होती.

तुम्ही लोक टंकनाबद्दल बोलताय, तपासणीबद्दल बोलताय. माझं दुखणं तिसरं आहे, ज्याचा धागाकर्त्याने एका ओळीत उल्लेख करून सोडून दिलं. जुने फॉन्ट.

माझा छापखाना १९९६ पासून. पानं जुळवायला पेजमेकर आणि एका कंपनीचं मराठी सॉफ्टवेअर, मागे प्रिंटरच्या भोकात लॉक लावलेलं. लॉक काढलं की मराठी बंद. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा हिशेब वेगळा. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे काना, वेलांटी, अर्धी अक्षरं बसवलेली. एकाचा 'क' तो दुसऱ्याची मात्रा. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मुंग्यांची रांग. पेजमेकरला युनिकोड कधी आलंच नाही आणि इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं नीट बसायला २०१२ची आवृत्ती यावी लागली. तोपर्यंत माझी सोळा वर्षांची कामं त्या जुन्या फॉन्टात अडकली.

त्यात आमच्या गावच्या मंडळाचा दिवाळी अंक आहे. १९९९ ते २०११, तेरा अंक, सीडीवर. लिहिणाऱ्यांपैकी निम्मे आता नाहीत. एका लेखकाची मुलगी मागच्या महिन्यात आली होती, बाबांच्या कथा एकत्र छापायच्यात म्हणून. कथा माझ्याकडे आहेत. तिला देता येत नाहीत.

कन्व्हर्टर वापरून पाहिले नाहीत असं नाही. सहा पाहिले. साधा मजकूर होतो. पण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाकलेली असते, कारण दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, बोलतो तशी. म्हणजे उचलून मागे न्यायची. 'स्थिती'मध्ये ती पहिल्या जोडाक्षराच्या पलीकडे जायला हवी, हे कन्व्हर्टर विसरतो. रफाराचं बरोबर उलटं: जुन्यात शेवटी, युनिकोडमध्ये सगळ्यात आधी. 'कार्यकर्त्यांनी' हा शब्द टाकून बघा. दोन रफार, आणि दुसऱ्याला अनुस्वार चिकटलेला, ज्याचा आमच्या फॉन्टात स्वतंत्र एकच तुकडा आहे. सहापैकी पाच तिथे झोपले. सहाव्याने 'कार्यकर्त्यांनी' बरोबर केलं आणि पुढच्या ओळीत 'सर्वांगीण'चं काय केलं ते इथे लिहिता येणार नाही.

तेव्हा "आहेत की" म्हणणाऱ्या मित्राला माझ्याकडे पाठवा. चहा पाजतो, सीडी देतो.


हेमांगी (मंगळवार, रात्री १०.३४)

दादा, अंकाच्या छापील प्रती असतील ना? स्कॅन करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून वाचून घ्या. टेसरॅक्ट फुकट आहे, त्याला मराठी येतं.


छापखानेवाला (मंगळवार, रात्री १०.४८)

केलं ताई. छपाई स्वच्छ असेल तर बरं वाचतं. पण आमचा अंक दोन कॉलमचा, मध्ये पेढेवाल्याची आणि सहकारी पतपेढीची जाहिरात. डाव्या कॉलमची ओळ उजव्यात शिरते. कथेची नायिका रडता रडता साडेअकरा टक्के व्याज देऊ लागली. आणि चार अंकांची छापील प्रतच उरलेली नाही.

शिवाय अक्षरं फाइलमध्ये असताना त्यांचा फोटो काढून पुन्हा वाचायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला?


कर्निंग (मंगळवार, रात्री ११.३०)

फॉन्ट करतो, म्हणून माझं एक उदाहरण.

पूर्वी लिनक्सवर देवनागरी जोडाक्षरं जुळवायचं काम प्रत्येक जण आपापलं करायचा. पँगोचं वेगळं, क्यूटीचं वेगळं, आयसीयूचं वेगळं. एकच वाक्य एका खिडकीत बरोबर आणि दुसऱ्या खिडकीत तुटलेलं. अशा वेळी 'हार्फबझ' आलं. वरवर पाहता आणखी एक. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड सगळीकडे तेच आहे, २०१७ मध्ये लिब्रेऑफिसनेही सगळ्या प्रणालींवर तेच घेतलं. चार होती तिथे पाचवं आलं आणि बाकीच्यांचं काम त्याच्याकडे गेलं. हा धागा तुम्ही अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर वरचं 'कार्यकर्त्यांनी' त्यानेच जुळवलंय. पण त्याचं नाव इथे किती जणांना माहीत होतं?

हेमांगी म्हणतात ते मला पटतं, पण दर वेळी नाही. कधीकधी जुन्या घराचा पायाच तिरका असतो.


हेमांगी (बुधवार, सकाळी ८.५०)

कर्निंग, मान्य. पण हार्फबझमागे पगारी माणसं आणि मोठ्या कंपन्या होत्या. इथे एक माणूस आणि रात्रीचे दोन तास आहेत.


अर्धा_र (बुधवार, रात्री ९.४५)

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. ऑफिसात एकदा चोरून.

हेमांगी, उत्तर टाळत होतो, आता देतो. शब्द खुल्या यादीत का नाही घातले? घालायला गेलो होतो. तिथली फाइल उघडली, प्रत्ययांचे नियम पाहिले, अर्धं कळलं, अर्धं नाही. विचारायची लाज वाटली. म्हटलं, आपलं आपण करू. हे खरं कारण. बाकी जी कारणं मी मित्रांना सांगायचो ("त्यांची पद्धत जुनी आहे" वगैरे) ती नंतर सुचलेली.

पंतोजी, नुसती यादी आहे. 'दूत' आणि 'मूल' मला वेगळे करता येत नाहीत. शिवाय ती यादी जमवताना एक गंमत लक्षात आली. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक 'अ' लिहून वर चंद्र द्यायचे, पुष्कळ जण अजून देतात. दिसायला सारखं, यंत्राला दोन शब्द. आणि माझं नाव ज्यावरून घेतलंय तो अर्धा र तर त्याहून वस्ताद. 'आचार्यांना' बोलावलं तर प्रवचन होतं, 'आचाऱ्यांना' बोलावलं तर जेवण होतं, एवढा फरक त्या एका आडव्या रेघेत. आणि ती रेघ दोन तऱ्हांनी टंकता येते: खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन, किंवा साधा 'र' आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. एका तऱ्हेने लिहिलेलं दुसऱ्या तऱ्हेने शोधलं तर सापडत नाही. माझ्या यादीत असे सातशे शब्द दोनदा आले होते आणि मी ते शब्दसंख्या म्हणून मिरवत होतो.

आता हिशेब. माझं सॉफ्टवेअर आतापर्यंत अकरा जणांनी उतरवलं. त्यातली चार माझीच यंत्रं. एक मेहुणा.

टंकनाचा भाग काढून टाकतोय. त्यात माझं वेगळं काहीच नव्हतं, मित्र बरोबर होता. विंडोजमध्ये २०१९ पासून उच्चारानुसारी मराठी कळफलकही आलाय, मी ते पाहिलंच नव्हतं. (मधुराताई, रेमिंग्टन मी घेतलाच नव्हता. तुमच्या आईंना आधी भेटायला हवं होतं.) शब्द खुल्या यादीला देऊन टाकतो, नियम समजून घ्यायला हेमांगीकडे शिकवणी लावतो, हाकलून देऊ नका.

बापू, माझा पासपोर्ट संपलाय आणि नवीन काढायचा विचार नाही. तरीसुद्धा मूळ कोड उघडा ठेवतो, म्हणजे मी ढगात गेलो तरी कुणाला हातानं बिलं लिहायला नकोत.

छापखानेवाले, तुमचा फॉन्ट आणि एक सीडी पाठवाल का? एकच फॉन्ट. बाकीच्यांकडे बघतच नाही.


साताऱ्याचा_बापू (बुधवार, रात्री १०.०२)

हा माणूस उधारीला चालेल.


हेमांगी (बुधवार, रात्री १०.१०)

शिकवणी रविवारी सकाळी. फी म्हणून तुमचे सातशे डबल शब्द वेगळे काढून आणा. आणि विचारायची लाज वाटते हे सतरा वर्षांत माझ्यासमोर एकानेही कबूल केलेलं नाही, त्यात मीही आले.


न्यूजर्सीचा_बंड्या (बुधवार, रात्री १०.३०)

म्हणजे शेवटी नवं सॉफ्टवेअर करायचं की नाही? धाग्याचा निकाल काय?


काळीपाचवी (बुधवार, रात्री १०.३३)

बंड्या, तू झोप. नाही, तुझ्याकडे दुपार असेल. जेव.


छापखानेवाला (नऊ दिवसांनी, शुक्रवार, रात्री ९.१५)

धागा वर काढतोय. अर्धा_र यांनी २००३च्या अंकातली एक कथा करून पाठवली. चौदा पानं. मी आणि माझ्या मुलाने छापील प्रतीशी ताडून पाहिली. 'कार्यकर्त्यांनी' बरोबर. 'स्थिती' बरोबर. 'सर्वांगीण' सभ्य. एकूण तेवीस चुका, त्यातल्या एकोणीस एकाच प्रकारच्या: जिथे जिथे 'ऱ्हा' किंवा 'ऱ्या' आहे तिथे साधा रफार आला. नायिका 'दऱ्याखोऱ्यांतून' जायच्या ऐवजी समुद्राकडे निघाली.

लेखकाच्या मुलीला दाखवली. तिने चुका पाहिल्याच नाहीत, पहिलं पानच वाचत बसली.


अर्धा_र (शुक्रवार, रात्री ९.४०)

नाव अर्धा र आणि चूक अर्ध्या रचीच. चांगलं आहे.

कारण सापडलं. तुमच्या फॉन्टात त्या रेघेचे दोन तुकडे आहेत, एक लांब, एक आखूड. आखूडवाला माझ्या तक्त्यात नव्हता, म्हणून जवळचा म्हणून रफार दिला. तो घातला. पण असे अजून पाच तुकडे आहेत ज्यांचा अर्थ मला लागत नाही, ते कुठे वापरलेत तेही दिसत नाही. त्यांना काय देऊ? अंदाजाने जवळचं अक्षर देतोय सध्या.


चिंचपोकळीकर (शुक्रवार, रात्री ९.४४)

आणि नळ?


अर्धा_र (शुक्रवार, रात्री ९.४६)

प्लंबर आला होता. अडीचशे रुपये, दहा मिनिटं. म्हणाला, वॉशर कुठलाही मिळतो, तुम्ही कशाला खटपट करत होतात.


छापखानेवाला (शुक्रवार, रात्री १०.०५)

अंदाज नको. माहीत नसेल तिथे काळा चौकोन टाका. चौकोन मला पान उलटता उलटता दिसतो. चुकीचं अक्षर छापून झाल्यावर दिसतं.

उद्या २००१ची सीडी पाठवतो. तिला कडेला बुरशी आहे, जपून.